मॉरिशस घडवणारी माझी शेजारीण

परवा इथे सिडनीतल्या टूनगॅबीत एक बाई गेली, जिने स्वतःच्या देशाला श्रीमंत केलं होतं.

न्यूजमध्ये हे येणार नाही. म्हणून इथे लिहितेय.

सुमतीमावशी. आमच्या शेजारच्या. जन्म मॉरिशसचा. पणजोबा रत्नागिरीकडून बोटीने उसाच्या मळ्यांत राबायला गेले आणि तिथलेच झाले.

आम्ही राहायला आलो तेव्हा फेन्सवरून म्हणाल्या, "काय गो, मराठी का तू?"

मला वाटलं, कोकणातल्याच असतील. मी पुण्याची. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत हेच मला माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या लेकीला, ईशाला, मॉरिशसवर इकॉनॉमिक्सची असाइनमेंट होती. एवढंसं बेट. तेल नाही, खाणी नाहीत, नुसता ऊस. तरी पुढे कसं आलं?

लॅपटॉप घेऊन ती मावशींकडे गेली. मागोमाग मी.

"सो आजी, व्हॉट ॲक्चुअली चेंज्ड?"

मावशी म्हणाल्या, "आम्ही बायका घराबाहेर पडलो."

त्यांच्या गावाजवळ स्वेटरची फॅक्टरी आली होती. सरकारने टॅक्समध्ये सूट दिली, म्हणून परदेशी मालक आले. सगळा माल युरोपला जायचा. मावशींना तिथे काम मिळत होतं.

ऊस तोडणारे वडील म्हणाले, "आपल्या घरातली पोर कारखान्यात जायची नाय."

आईने वाद घातला नाही. सकाळी डबा भरून हातात दिला. "व्हॅन आलीय. पळ."

वडिलांनी बोलणं टाकलं. एका पंगतीत जेवायचे, पण काही हवं असलं की हाक मारायची ती धाकट्या बहिणीला.

"रडू यायचं?" मी विचारलं.

"रडायला वेळ कुठे होता गो? टॉयलेटला जायचं तरी विचारून जायला लागायचं."

हळूहळू व्हॅन भरायला लागली. आधी गावातल्या मुली, मग लग्न झालेल्या बायकाही. हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, सगळ्या एकाच रांगेत.

मावशींच्या पगारावर धाकटी बहीण शिकली, टीचर झाली. पत्र्याच्या घराच्या जागी सिमेंटचं घर झालं.

मग एकदा मोठं वादळ आलं. आजूबाजूचे पत्रे उडाले, माणसं यांच्याकडे आसऱ्याला आली. कुणीतरी वडिलांना म्हणालं, घर मजबूत बांधलंत हो.

वडील म्हणाले, "माझं नाय. सुमतीचं."

ईशा टाइप करायची थांबली होती. "ऑ, हॅपी एंडिंग!"

"नाय गो," मावशी म्हणाल्या.

पुढे मजुरी वाढली. मालक स्वस्तातल्या देशांत निघून गेले. फॅक्टरी बंद. तिकडे राजधानीत बँकांच्या काचेच्या बिल्डिंगी उभ्या राहत होत्या, किनाऱ्यावरची हॉटेलं फुल.

"पेपरात यायचं, देश पुढे चालला. आणि मी घरात बसलेली. आमची पाळी संपली, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

बरेच दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग बरोबरच्या काही बायकांना गोळा केलं आणि हॉटेलांचे पडदे, चादरी शिवायला घेतल्या. त्यावर लेक अनिता अकाउंटंट झाली, सिडनीला आली. नातू झाल्यावर मावशीही आल्या.

"वेअर यू अँग्री, आजी?"

"होते ना. अजून आहे थोडी. पण माझ्या आयेला तर रागवायला नोकरी पण नव्हती."

ईशाने हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मार्क किती पडले ते मी विचारलं नाही.

परवा सकाळी अनिताचा फोन आला. स्ट्रोक. आम्ही हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

काल फ्युनरलला मेलबर्नहून एक म्हाताऱ्या बाई एकट्याच आल्या. फॅक्टरीत वर्षानुवर्षं मावशींच्या शेजारच्या मशीनवर बसायच्या. मावशींच्या कपाळावर हात ठेवून क्रिओलमध्ये, म्हणजे मॉरिशसच्या बोलीत, काहीतरी पुटपुटल्या.

मी अनिताकडे पाहिलं.

तिने डोळे पुसत सांगितलं, "म्हणतेय, किती लहान होतो गं आपण."

मावशी, शांत झोपा.
तुमच्या कष्टांना मनापासून नमस्कार. 🙏