सरांच्या छातीतला आवाज

वर्गात आले की हजेरी घेण्याआधी सर स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवत आणि आम्हालाही ठेवायला लावत. "जिते हायेत ना सारे? मंग शिकू." तुम्हीही असा एखादा मास्तर पाहिला असेल. आमच्या अमडापुरात हा एकच होता.

अकरावीला मॅट्रिक असायची, त्या काळातली गोष्ट. नववीला शरीरशास्त्र लागलं. शाळेत ना सांगाडा, ना तक्ते. पोटाचा धडा सरांनी आपल्याच सदऱ्यावर खडूने आतडी काढून शिकवला आणि तसेच घरी गेले. काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यावर काय बोलल्या ते दुसऱ्या दिवशी सरांनीच हसत सांगितलं.

हृदयाच्या धड्याला त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांचा जुना स्टेथोस्कोप आणला. पोरांना गुदगुल्या होत, आम्हा चार मुलींचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी सरच स्टुलावर बसले, सदऱ्याची बटणं सोडली आणि एकेकाला बोलावलं. पुस्तकात 'लब-डब' लिहिलं होतं. साऱ्यांना तेच ऐकू आलं. मी पहिल्यापासून आगाऊ.

"सर, लबच्या मांगून फुस्स येते. ट्यूबातून हवा गेल्यावाणी."

वर्ग हसला. सरांनी नळ्या स्वतःच्या कानात घातल्या आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"हाव. पुस्तक बराबर हाय. नमुनाच बिघडेल हाय."

मग फळ्यावर हृदयाची झडप काढून, ती नीट मिटली नाही की रक्त मागे कसं फिरतं, ते त्यांनी समजावलं. इतकं चांगलं मला पुढे कुणी काही शिकवलं नाही.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. सरांनी फक्त सायकल सोडली. काकूंचं मात्र जेवणावरून मन उडालं. त्या वाळत चालल्या आणि मला वाटायचं, हे सगळं माझ्या तोंडामुळे झालं. त्या दिसल्या की मी रस्ता बदलायची.

दहावीच्या दिवाळीनंतर सरांनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मी गेले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. काकू पिठाच्या हातांनी दारात उभ्या होत्या. दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न नव्हतं, असं शेजारीण सांगत होती. सरांनी स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला. मी ऐकलं. आता लब कुठे आणि डब कुठे, काही कळत नव्हतं. नुसती फुस्स होती.

"सांग, वाढलं काय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते काकूंकडे बघत होते.

"नाही सर. तेवढंच हाय."

"आयकलं काय?" ते काकूंना म्हणाले. "पयल्यांदा हिनंच धरलं होतं. हिचा कान चुकत नाही. आता जेवून घे."

सरांनी माझ्या हातातून स्टेथोस्कोप हळूच काढून घेतला.

त्यानंतर सर नऊ दिवस जगले. त्या दुपारी मात्र काकू ताट घेऊन बसल्या, दीड भाकर खाल्ली, आणि त्या खात होत्या तोवर सर त्यांच्याकडे बघत राहिले.