रक्ताचा कागद

मी पाचवीत होते. एके दिवशी गुरुजींनी मला टाटपट्टीवरून उठवलं आणि दाराशी, चपलांजवळ बसवलं. मला इसब होतं, रांगत होते तेव्हापासूनचं. कोपरांच्या खळग्यात, गुडघ्यांच्या मागं, मानेवर. आदल्या दिवशी खाजवता खाजवता कोपरातून रक्त आलं आणि शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या वहीला डाग पडला. तिचे वडील सकाळीच शाळेत येऊन सांगून गेले, की या पोरीचं लागट आहे, दुसऱ्या लेकरांनाही होईल.

घरी येऊन सांगितलं तेव्हा माय तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि तशीच आमच्या जऊळक्याच्या शाळेत निघाली. मी तिच्या मागं.

"गुर्जी, पोरीले चपलांपाशी काहून बसवलं?"

"तिचं रक्त खराब आहे, बाई. मले बाकीच्या लेकरांचंही पाहा लागते. रक्त साफ असल्याचा डॉक्टरचा कागद आणा, मग बसवतो."

"आनतो कागद. पन तवरक ती दाराशी नाई बसनार. घरी बसन."

बाबांना हे पटलं नाही. शाळेशी भांडण कशाला, करंजाचं तेल लावू, होईल कमी, असं त्यांचं म्हणणं. तेल तर माय पहिल्यापासूनच लावत आली होती. पुढच्या आठवड्यात तिनं मला गाडीत बसवलं आणि आम्ही अकोल्याला गेलो. तेव्हा आमचा जिल्हाही अकोलाच होता.

डॉक्टर म्हातारे होते, जाड चष्म्याचे. त्यांनी सुईनं माझं बोट टोचलं, थेंब काचपट्टीवर ओढला, त्यावर जांभळा रंग ओतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ मोजत बसले. मग मला बोलावून दाखवलं. गुलाबी दाण्यांनी भरलेले गोल गोल ठिपके.

"ॲलर्जी असली किंवा पोटात जंत असले की या पेशी वाढतात. तुझ्या रक्तात शंभर पांढऱ्या पेशींत अशा अठरा आहेत. जास्त आहेत."

"म्हंजे रक्त खराब हाय?" मायनं विचारलं.

"नाही हो. आणि हे शिवल्यानं कुणाला होतही नाही."

त्यांनी जंताचं औषध आणि मलम दिलं, महिन्यानं पुन्हा बोलावलं. कागदावर मात्र इंग्रजीत नुसते आकडे होते. गुरुजींनी तो उलटासुलटा पाहिला. "अठरा म्हणजे जास्तच ना? कमी झाल्यावर आणा," म्हणाले. म्हणून महिनाभर मी घरी. माय चौथीपर्यंत शिकलेली. पाढे ती घ्यायची, भूगोल मी तिला वाचून दाखवायची.

दुसऱ्या खेपेला आकडा आला सात. डॉक्टर खूश झाले. "वा! उतरलं की."

मी बाही वर केली. कोपर तसंच लालभडक, भेगाळलेलं होतं.

"मंग हे काय हाय?"

मायनं मला डोळ्यांनी दटावलं. मी थांबले नाही. "कागद बरा झाला असन. मी नाई झाली."

डॉक्टरांनी चष्मा काढला, मला खिडकीशी नेलं आणि पहिल्यांदा माझी कातडी नीट पाहिली. म्हणाले, "खरं आहे तुझं. जंत गेले म्हणून आकडा उतरला असेल. या आकड्यावरून मला थोडं कळतं, सगळं नाही." मग त्यांनी विचारलं, खाज कधी सुटते, अंघोळीला साबण कोणता, कपडे कशानं धुता. धुण्याचा सोडा बंद करायला सांगितला. अंग ओलं असतानाच मलम लावायला सांगितलं. आणि खाजेचा हिशेब रोज वहीत लिहून आणायचा, तोही मी स्वतः.

मायला घाई होती. "सातचा कागद दाखवला का गुर्जी घेतीन हिले."

"नको," मी म्हणाले. "पुढच्या बारीले वाढला तर पुन्हा चपलांपाशी? आकड्यावर नाई बसत मी."

मायनं सातचा कागद घडी करून पदराला बांधला. मग तिनं डॉक्टरांना मराठीत चिठ्ठी मागितली. हा आजार शिवल्यानं होत नाही, एवढंच त्यांनी लिहून दिलं.

गुरुजींनी ती वाचली आणि विचारलं, "आकडा किती आला?"

"तो नाई दाखवत," माय म्हणाली. सगळा वर्ग बघत होता. तिनं माझा हात धरला आणि ते लाल कोपर आपल्या गालाला लावलं. "दहा वर्सं झाली, हे माह्या कुशीत निजते. मले कुठी लागलं ते पाहा."

गुरुजींनी चिठ्ठीची घडी घालून हजेरीच्या वहीत ठेवली. मी दप्तर उचललं आणि दुसऱ्या ओळीतल्या माझ्या जागी जाऊन बसले. मैत्रिणीनं परकर आवरून घेतला. भ्याली म्हणून की जागा दिली म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. पण मला पुन्हा कुणी उठवलं नाही.

त्यानंतरही अकोल्याच्या फेऱ्या झाल्या. आकडा कधी चढायचा, कधी उतरायचा, पण डॉक्टर आधी माझी वही वाचायचे. मॅट्रिकपर्यंत इसब बरंच ओसरलं; थंडीत कोपरं तेवढी उलायची.

पुढं मला पाहायला पाव्हणे आले तेव्हा थंडीच होती. मायनं पूर्ण बाह्यांचं पोलकं काढून ठेवलं. त्या मायनं! मी आखूड बाह्यांचं घातलं आणि पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आईनं कोपराकडं पाहिलं.

"इसब हाय," मी म्हणाले. "लागत नाई कोनाले."

निरोप आला नाही. माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारीण सांत्वनाला आली आणि म्हणाली, झाकलं असतं तर जमलं असतं. तेव्हा माय आतून ओरडली, "काहून झाकन ते? चोरी केली काय तिनं?"