आशाताईंच्या पत्र्यावरचा बूस्टर

फोनला रेंज का येत नाही, हे शोधत हिंडण्यात माझी सतरा वर्षं गेली. नांदेडहून सकाळी गाडी निघते, मांडीवर मीटर, हातात अँटेना. पाठीचा पार भुगा झालाय. लोकांना वाटतं, मीच टॉवर बंद करतो आणि वर शिव्या खायला गावात येतो!

त्या दिवशी हदगावकडच्या एका गावात गेलो. तक्रार तिथल्या आशाताईंची. बाळंतिणीसाठी गाडी बोलवायची तर फोन लागत नाही, लागला तर आपलाच आवाज कानात परत येतो. दोन महिने त्या अर्ज करत होत्या. मला बघताच म्हणाल्या, "लई उशीर केलात, साहेब. सोमवारी एका बाईला गाडी वेळेवर मिळाली न्हाई. बाळ गेलं."

चहा नको म्हणालो आणि कामाला लागलो.

टॉवर ठणठणीत होता. गडबड गावातूनच होत होती. अँटेना फिरवत गल्ली न् गल्ली तुडवली, उन्हानं डोकं भणाणलं. शेवटी मीटरवरचा आकडा एका घरासमोर चढला. घर आशाताईंचंच. पत्र्यावर रेंज वाढवायचा बूस्टर, आणि त्याचा घरातला अँटेना अगदी त्याच्याखालीच. लग्नात माईक भोंग्यासमोर धरला की किंचाळतो ना, तसं ते यंत्र स्वतःचंच ऐकून किंचाळत होतं. त्या गोंगाटात टॉवरला अगदी जवळचं सोडलं तर बाकी कुणाचंच ऐकू जात नव्हतं.

"भावानं हैदराबादहून आणून दिला," ताई म्हणाल्या. "म्हणलं, अडीअडचणीला पेशंटसाठी फोन तरी लागंल."

मी वायर काढली. पाच मिनिटांत समोरच्या ओट्यावर एका म्हातारीचा फोन वाजला. एरवी त्या आवाजानं किती बरं वाटलं असतं! त्या दिवशी नुसता राग आला, कुणाचा ते कळेना.

ताई म्हातारीच्या फोनकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "म्हणजे सोमवारी बी ह्याच्यामुळंच का?"

"छे हो, ताई. सोमवारी टॉवरच बंद होता."

साफ खोटं बोललो.

"चालू व्हता, साहेब," त्या म्हणाल्या. "पळत पळत मी टॉवरच्या बुडाशीच गेले व्हते. तिथून लागला फोन."