वस्तादाचा खुराक

पाटलाच्या ओसरीवर मी लंगोट लावून उभा होतो आणि वस्ताद माझी मांडी चिमटीत धरून दाबत होता. समोर तालुक्याहून आलेले दोन पाहुणे चहा पीत बसले होते.

"बगा, चरबी नावाला न्हाई," वस्ताद म्हणाला.

त्यातल्या एका पाहुण्यानं बशी खाली ठेवली, उठून माझ्या पोटरीला हात लावून पाहिला आणि तो हात धोतराला पुसला. आम्ही शेरडं-मेंढरं पाळणारी माणसं. बाजारात बोकड असाच चाचपून घेतात, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. बोकडाला तेव्हा काय वाटत असेल, ते त्या सकाळी कळलं. अजूनही कुणी सहज पाठीवर हात ठेवला तरी माझं अंग आक्रसतं.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. पाटलानं रुमी टोपी पेटीत टाकली होती आणि पांढरी टोपी डोक्यावर आली होती. डोकं तेच होतं. नव्या सरकारचे नवे अधिकारी परभणीला आले होते. त्यांनी दवंडी पिटवली की पाडव्याला झरीपासून परभणीच्या कचेरीपुढच्या मैदानापर्यंत पळण्याची शर्यत होणार, ज्याला दम आहे त्यानं यावं. अधिकाऱ्यांच्या नजरेत भरायची ही संधी पाटील कसा सोडणार? आमचं गाव झरीच्या शिवाराला लागूनच. गावात पळणारे म्हणून आम्ही दोघं ठाऊक होतो. एक मी. मेंढरांमागं दिवसभर माळ तुडवायचा, चुकलेलं कोकरू शोधायला ओढ्यापार जायचं, ह्यात पाय आपोआप तयार झालेले. दुसरा माझा जोडीदार, चार एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरचा थोरला मुलगा. तो निव्वळ हौसेनं पळायचा. पळताना हसायचा. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पाटलानं आमच्यासाठी एक वस्ताद आणला. हा तालमीतला माणूस, कुस्तीचा. तांबड्या मातीबाहेर कधी कोसभरसुद्धा पळालेला नव्हता. पण त्याचे कान मोडलेले होते, मान रेड्यासारखी होती, आणि तेवढ्यावर सगळं गाव त्याला मान द्यायचं.

त्याचा खुराक आजही डोळ्यांपुढून जात नाही. पितळेच्या मोठ्या गलासात तो कच्ची अंडी फोडायचा, वर कोमट दूध, वर तूप. बोटानंच ढवळायचा. त्याच हातानं मघाशी नाक शिंकरलेलं असायचं. तुपाचा थर वर तरंगायचा आणि त्यात अंड्याचा दोरा लोंबायचा. एका दमात प्यायचं, असा हुकूम. संध्याकाळी बोकडाच्या पायांचा रस्सा. नीट भाजलेले नसायचे, केस दातांत अडकायचे. आणि हे पोटात गेलं की लगेच पळायला लावायचा. साधं पळणं नव्हे. मागं वाघ लागल्यासारखं, सडकेवरून, ओकारी येईपर्यंत. ओकलो की तो खूश व्हायचा.

"गरमी बाहेर पडायलीय," म्हणायचा. "पडू द्या. पाणी मागायचं न्हाई. पाणी पिलं की दम मरतो."

तोंडात आंबट घाण, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि हा माणूस पानाची पिंक टाकत उभा. रोज. एकही दिवस मोकळा नाही. थांबणं म्हणजे त्याच्या लेखी आळस.

मी माझ्या बाला विचारलं, "बा, मेंढरं अशी हाकली तर?"

बा म्हणाला, "सकाळी पळवलेलं मेंढरू दुपारी बसतंय. मंग काठी मोडली तरी उठत न्हाई." आणि बिडी पेटवली. पाटलाच्या रानात आमचा कळप बसायचा. ह्याहून जास्त बोलणं त्याला परवडणारं नव्हतं.

मी मग चोरायला लागलो. वस्ताद दिसतोय तोवर जोरात पळायचं, सडकेच्या वळणापलीकडं गेलं की चाल कमी करायची. वाटेत एका मळ्यात मोट चालू असायची, तिथं ओंजळीनं पाणी प्यायचं. अंड्यांचा गलास मी तोंडात धरून बाहेर जाऊन थुंकायचो. जोडीदाराला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "गड्या, त्यो येवढा मोठा वस्ताद हाय. त्याला कळत नसंल का?" तो सगळं प्यायचा, सगळं पळायचा. त्याचं हसणं मात्र हळूहळू कमी झालं.

मग त्याची नडगी दुखायला लागली. आधी पळून झाल्यावर, नंतर पळताना, नंतर नुसतं उभं राहिलं तरी. हाडावर बोट ठेवलं की तो दचकायचा. चार-आठ दिवस पाय शेकला असता आणि स्वस्थ बसला असता तर बरा झाला असता. वस्तादानं विळा मागवला, चुलीत लाल केला.

मी तिथं होतो. दोघांनी त्याचे खांदे धरले. चर्र असा आवाज झाला आणि जळक्या कातड्याचा वास ओसरीभर पसरला. पाटील नाकाला उपरणं लावून म्हणाला, "बास, आता घोड्यावानी पळंल." जोडीदार ओरडला नाही, त्यानं स्वतःचं मनगट चावलं. मी बाहेर येऊन गोठ्यामागं ओकलो. खुराकानं नाही, त्या 'बास'नं.

डाग पिकला. त्यावर माशा बसायच्या. वस्तादानं चुना-हळद थापून चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सडकेवर काढला.

पाडव्याचा दिवस उजाडला तोच तापलेला. झरीच्या पारापाशी पळणारे जमले होते. शेतकऱ्यांची पोरं, शाळेतले काही, दोन-तीन पोलीस शिपाई. आमच्यासाठी पाटील स्वतः दमणी घेऊन आला होता. पांढरीशुभ्र बैलजोडी, गळ्यात घुंगरं, आत पाटील आणि वस्ताद.

"पयल्यापासून पुढं ऱ्हायचं," वस्तादानं बजावलं. "कुणाची पाठ दिसली न्हाई पायजे."

इशारा झाला आणि जोडीदार सुटला. त्याच्यामागं दमणी, दमणीतून आरडाओरडा. मी मागं राहिलो. कळप सकाळी रानाकडं निघतो तशी चाल धरली, तोंडातल्या तोंडात बोलता येईल एवढीच. नाकानं श्वास. चढ आला की पावलं आखूड, उतार आला तरी हुरळायचं नाही. बहुतेक सगळे माझ्यापुढं निघून गेले. एक शाळकरी मुलगा जाताना म्हणाला, "काका, हळदीला चाललाव का?" मी त्याच्याहून फार मोठा नव्हतो.

ओढ्याजवळच्या मळ्यात मी पाणी प्यायलो, डोक्यावर ओतलं. त्यानंतर पुढं गेलेली माणसं एकेक करून परत भेटायला लागली. कुणी कमरेवर हात ठेवून चालतोय, कुणी झाडाखाली बसलाय. तो शाळकरी मुलगा बोरीच्या सावलीत आडवा पडला होता.

अर्ध्याहून जास्त सडक मागं पडली होती. पुढं घुंगरांचा आवाज थांबलेला ऐकू आला. दमणी उभी होती. मैलाच्या दगडाशेजारी माझा जोडीदार पडला होता. चेहरा राखेसारखा, ओठांवर फेस, अंगाला घामाचा टिपूस नाही. पायाची चिंधी सुटलेली आणि डाग उघडा. वस्ताद त्याच्या थोबाडीत मारत होता.

"ऊठ! ऊठ रे! नाटकं करायलाय भडवा!"

मला बघताच पाटील दमणीतून वाकून ओरडला, "थांबू नगंस! तू पळ! गावाची इज्जत आता तुझ्यावर हाय. हाण रे दमणी, ह्याच्यामागं घे!"

आणि गाडीवानानं खरंच बैल वळवले. त्याला तिथंच, उन्हात, मातीत टाकून. इतके दिवस ज्याच्या मांड्या पाहुण्यांना दाखवल्या तो आता कामाचा उरला नव्हता, एवढाच हिशेब. मला राग आला नाही, किळस आली. ह्या माणसांपुढं एक पाऊलही पळायचं नाही असं वाटलं. मी मैलाच्या दगडावर बसलो.

"काय करायलास?" पाटील किंचाळला.

"बसलोय."

"कामून?"

"त्याला दमणीत घाला आन् दवाखान्यात न्या. मंग पळतो."

"दमणी मैदानात न्यायचीय! सायेब लोक बसलेत तितं. ह्यो ओकला तर गादी..."

"मंग मी हितंच हाय."

वस्तादानं लाथ मारली, ती बरगडीला लागली. मी उठलो नाही. दोन पळणारे आम्हाला ओलांडून गेले, मग आणखी एक पोलीस शिपाई. प्रत्येक जण गेला की पाटलाचं तोंड आणखी लाल व्हायचं. शेवटी गाडीवान खाली उतरला. म्हातारा माणूस होता, पाटलाचा पिढीजात गडी, आयुष्यात कधी वर मान करून बोलला नसेल. पाटलाकडं न बघता त्यानं जोडीदाराच्या काखेत हात घातले. पाय मी धरले. पाण्याची घागर दमणीतच होती, वस्तादाच्या पायाशी, गार पाण्यानं भरलेली. सगळ्या वाटेनं ती तिथंच होती. गाडीवानानं ती त्याच्या छातीवर, मानेवर ओतली आणि ओंजळीनं ओठ भिजवले. पाटील तोंड फिरवून बसला. दमणी हलली.

मग मी पळालो. उरलेली सडक कुणी ओरडणारं नव्हतं. बसल्यामुळं पाय आखडले होते, ते सुटायला वेळ लागला, पण दम शाबूत होता. शेवटी परभणीची घरं दिसायला लागल्यावर मी चाल वाढवली आणि जे मला बसलेला बघून गेले होते त्यातल्या दोघांना गाठलं. बक्षिसात नाव आलं नाही. मैदानात पोचलो तेव्हा पाटील मांडवात अधिकाऱ्यांशेजारी बसून सांगत होता, "पोरगं चोरून ताक पिलं वाटंत, म्हनून पडलं. वस्तादाचं ऐकत न्हाईत हे लोक."

मी तसाच दवाखान्यात गेलो. डॉक्टर जखम धूत होता आणि न थांबता पुटपुटत शिव्या देत होता. हे कुणी केलं ते त्यानं विचारलंही नाही. त्या दिवसात मला आवडलेली तेवढी एकच गोष्ट.

जोडीदार वाचला, पण पाऊसकाळ निम्मा होईतो त्याला काठी लागली. त्याची माय मला दारात उभं करायची नाही. मी धडधाकट आणि तिचा पोरगा काठीवर, तीही बरोबरच होती. पोळ्यानंतर तो आपणहून माझ्या कळपामागं यायला लागला. सुरुवातीला नुसता चालायचा. मग एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत हलकंच पळायचा आणि पुन्हा चालायचा. आम्ही नेम एकच ठेवला. सकाळी मी विचारायचो, "आज पाय काय म्हणायलेत?" तो खाली बोट दाबून बघायचा. दुखलं तर त्या दिवशी पळणं बंद. एखाद्या दिवशी जोर लावला तर पुढचे दोन-तीन दिवस मेंढरांच्या चालीनं. भाकरी, अंबाडीची भाजी, ताक, दुपारची झोप. तहान लागली की पाणी. ह्यात शिकवण्यासारखं काहीच नाही, आणि म्हणूनच ते कुणाला पटत नव्हतं. गावातली माणसं हसायची, "ह्यांची तालीम झोपून चाललीय."

थंडी संपता संपता तो पळताना पुन्हा हसायला लागला.

पुढच्या पाडव्याला आम्ही कुणाला न विचारता झरीच्या पारापाशी जाऊन उभे राहिलो. पाटलानं दोन नवी पोरं आणली होती, त्यांचे डोळे आतापासूनच खोल गेलेले. आम्ही ठरवलं होतं की ओढ्यापर्यंत बरोबर जायचं, पाणी प्यायचं, त्यापुढं ज्यानं त्यानं आपला दम बघायचा. ओढ्यावर आम्ही मागून मोजावं अशा जागी होतो. मग जोडीदार म्हणाला, "जाऊ का?" मी म्हणालो, "जा." आणि तो गेला. इतका सहज की मी थोडा वेळ नुसता बघतच राहिलो. तो पहिला आला. मी तिसरा.

मी मैदानात शिरलो तेव्हा पाटील त्याचा हात धरून उंच करत होता आणि वस्ताद त्याला मांडवात ओढत होता. मांडवात वस्तादानं खाली वाकून जोडीदाराचं धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं, तो काळा-तांबडा व्रण लोकांना दाखवला आणि म्हणाला, "ह्याच पायाला म्या डाग दिला व्हता! बगा गुण!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. अधिकारी पुढं झुकून कौतुकानं बघत होते. वस्तादाच्या गळ्यात हार पडला. जोडीदार कुणाकडंच बघत नव्हता. ओसरीवर मी उभा होतो तसाच तो उभा होता. घामानं निथळणारं त्याचं अंग एकेक जण येऊन थोपटत होता.

मी मांडवात शिरलो आणि त्याचं धोतर खाली ओढलं. "चल," एवढंच म्हणालो. तो आला. बक्षिसाचं भांडं टेबलावरच राहिलं. ते नंतर पाटलाच्या घरी भिंतीतल्या देवळीत दिसायचं असं ऐकलं. मी त्या घरात पुन्हा पाय ठेवला नाही.

आमचा कळप त्या साली पाटलाच्या रानातून हलला. बानं स्वतःच बिऱ्हाडाची गाढवं लादली. आम्ही मानवतच्या अंगाला गेलो. जोडीदार पोलिसात भरती झाला. तिथंही त्याला पळवायचे, पण पाणी द्यायचे, असं त्यानं एकदा भेटल्यावर सांगितलं. वस्तादाकडं बापलोक आपली पोरं घेऊन यायचे ते येतच राहिले. दर पाडव्याला झरीची सडक शर्यतीसाठी झाडून काढत, आणि दर पाडव्याला कुणीतरी तिच्या कडेला ओकत बसलेला असायचा, असं कानावर यायचं. मी त्या दिवशी मुद्दाम सडक सोडून, मानवतच्या रानातनं, एकटाच पळायला जायचो.