ऑर्लिनने बसवलेला पंप

ऑर्लिन ट्वेट हा आमच्या गावातला एकुलता एक डिझेल मेकॅनिक आणि माझा शेजारी. शेजारी म्हणजे त्याचं घर माझ्या घरापासून तीन मैलांवर. चाळीस वर्षं त्याने आमचे ट्रॅक्टर आणि पिकअप दुरुस्त केले आणि तेवढ्या काळात चाळीस वाक्यं बोलला असेल. गाडी नेली की आधी स्वतःची कॉफी संपवायचा, मग बॉनेट उघडायचा. आपण लक्षणं सांगायला लागलो की म्हणायचा, "तू गप्प बस, तिला सांगू दे." त्यावरून आम्ही त्याला पुष्कळ छळलं. हात मात्र असा की त्याने बसवलेली वस्तू पुन्हा काढावी लागत नसे.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत त्याचा मुलगा डॅरिन गेला. गुरुवारी दुपारी आईवडिलांकडे जेवून तो आपल्या घरी निघाला आणि वाटेत बर्फाचं वादळ सुटलं. मधेच पिकअप बंद पडली. अशा वेळी गाडीतच बसून राहायचं, चालायला लागायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डॅरिन चालायला लागला. शनिवारी माझ्याच कुंपणापाशी सापडला.

त्या पिकअपला टाकीतून डिझेल ओढणारा नवा पंप आदल्या ऑक्टोबरात ऑर्लिनने स्वतः बसवला होता. गावात हे कुणी तोंडाने बोललं नाही, पण विसरलंही नाही. गाडी ओढून आणून त्याच्या शेडमध्ये लावली, वर ताडपत्री टाकली. ऑर्लिनने मुलाला पुरलं, चर्चच्या तळघरात सगळ्यांबरोबर ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश खाल्लं आणि सोमवारी कामावर हजर झाला. त्याला रडताना कुणी पाहिलं नाही. सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा. पुढे कळलं, माणूस बधिर झालाय. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल होतो, तसा तो सगळाच झाला होता. त्याची बायको आर्डिसही तशीच. दोघं एका टेबलाशी बसून हवामान ऐकायची आणि पुढचं वादळ कधी, एवढंच बोलायची.

या एप्रिलमध्ये त्याने गॅरेज बंद करायचं ठरवलं. शनिवारी सगळ्या सामानाचा लिलाव होता. गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला.

"लोवेल, शेडवर ये. डॅरिनची गाडी जायच्या आधी मला बघायचंय, दोष माझ्या पंपाचा होता का."

एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी हातातलं काम टाकून गेलो.

नवी बॅटरी आणि नवा फिल्टर त्याने आधीच बसवला होता. पंपाच्या पुढच्या नळीला दाब मोजायचा काटा जोडून तो समोरच्या काचेवर चिकटपट्टीने लावला होता. किल्ली फिरवल्यावर जरा कुरकुर करून इंजिन चालू झालं. काटा पंधरावर होता. पंप तर उत्तम आहे, असं मी म्हणालो, तर त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. पाचेक मिनिटांनी काटा बारावर आला, मग आठवर, मग तीनवर. इंजिन आचके देऊन बंद पडलं. त्या दिवशी डॅरिनने हेच ऐकलं असणार. ऑर्लिन नुसता "हं" म्हणाला आणि कॉफी प्यायला बसला.

पाव तासाने त्याने पुन्हा किल्ली फिरवली. काटा पुन्हा पंधरावर, आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली. मग तो उठला. टाकीकडून पंपाला येणारी नळी सोडवली, तिच्या जागी दुसरी लावली आणि तिचं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवलं. म्हणजे टाकी वगळून पंपाला थेट कॅनमधून प्यायला दिलं. इंजिन तासभर चाललं. काटा पंधरावरून तसूभर हलला नाही.

"पंप चांगला आहे, ऑर्लिन," मी म्हणालो. त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणालो.

मला वाटलं, आता तरी हा रडेल. तो म्हणाला, "मग टाकी उतरवू."

टाकीत, डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडापाशी एक फडकं तरंगत होतं. इंजिन चालू असलं की ओढलं जाऊन तोंडाला चिकटायचं, बंद केलं की सुटायचं. ऑर्लिनने ते आकड्याने बाहेर काढलं. पिठाच्या पोत्याच्या कापडाचं, भांडी पुसायचं. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने 'गुरुवार' भरलेलं. अशी सात फडकी आर्डिसच्या आईने तिला लग्नात दिली होती, वाराला एक.

"त्या दुपारी तो निघताना टाकीचं टोपण बर्फात पडलं, सापडेना," ऑर्लिन हळू म्हणाला. "आर्डिसने खांद्यावरचं फडकं काढून टाकीच्या तोंडात कोंबलं. बर्फ आत जाऊ नये म्हणून. मी बघत होतो."

वाटेतल्या हादऱ्यांनी ते आत घसरलं असणार. यात आर्डिसचं काय चुकलं? आमच्याकडच्या निम्म्या पिकअपच्या टाकीला टोपणाऐवजी चिंधी नाहीतर जुना हातमोजा असतो. माझ्याही होता. मी घरी गेल्यावर पहिल्यांदा तो काढून फेकला.

ऑर्लिनने फडकं पिळलं, चार घड्या घातल्या आणि शेडमधल्या शेगडीत टाकलं. ते पूर्ण जळेपर्यंत तो तिथे उभा राहिला.

"तू काही बघितलं नाहीस."

"नाही बघितलं."

त्यांच्या घरी, स्वयंपाकघरात आर्डिसने आमच्यापुढे कॉफी ठेवली आणि पाठ करून भांडी विसळायला लागली. तशीच, न वळता, तिने विचारलं, "काय निघालं?"

"पंप," ऑर्लिन म्हणाला. "मी बसवलेला."

मी मान खाली घातली. ज्या एका ओझ्याखाली हा माणूस तीन वर्षं दबला होता, ते आज उतरलं होतं, आणि तासाभरात त्याने ते आपणहून पुन्हा उचललं. मला ओरडून खरं सांगावंसं वाटलं. मी कॉफी पीत राहिलो.

"तुझा पंप कधी बिघडत नाही," आर्डिस म्हणाली.

"या वेळी बिघडला."

तिने नळ बंद केला. कप पुसत ती वळली तेव्हा तिच्या हातातलं फडकं मला दिसलं. कोपऱ्यात 'बुधवार' भरलेलं होतं. त्या दिवशी गुरुवार होता. तिने आधी फडक्याकडे बघितलं, नंतर ऑर्लिनकडे. मग कप खाली ठेवून त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि आपला ओला हात तिने त्याच्या हातावर ठेवला. दोघांपैकी कुणीही हवामानाबद्दल बोललं नाही.