अण्णांचा चालू कॉम्प्युटर

बोरीवलीला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो, ते अण्णा कॉम्प्युटर कधी बंदच करायचे नाहीत. त्याचा पंखा सतत घरघरायचा. मी चिपळूणचा, अंगात नकलांची खाज. पहिल्याच आठवड्यात ती घरघर तोंडात बसवली. अण्णा हसायचे. पण मी त्याच्या शेजारून धपधप गेलो की दबक्या आवाजात म्हणायचे, "हळू रे! दचकेल तो."

कारण काकू, म्हणजे अण्णांची बायको. त्या गेल्या त्याच्या कितीतरी आधी अण्णांनी गंमत म्हणून त्यांचा आवाज त्यात भरला होता. कॉम्प्युटर सुरू झाला की काकू ओरडायच्या, "अहो, चहा झाला, या!" मी एकदाच ऐकलं, लाइट गेली होती तेव्हा. पुन्हा ऐकायचं तर बंद करून सुरू करायला हवं. आणि उठलाच नाही तर? "राहू दे," अण्णा म्हणायचे, "आत आहे ना ती."

दसऱ्याला अण्णांनी घरातली सगळी यंत्रं पुजली, मिक्सरसुद्धा. कॉम्प्युटरला झेंडूचा भरगच्च हार. दुसऱ्या दिवशी माझी घरघर त्याच्याशी जुळेना. त्याचा सूर चढला होता. पंख्याने पाकळ्या आत ओढल्या होत्या. हात लावला तर चटका!

खालच्या दुकानातला जिगरभाई धावत आला. "अण्णा, रिपेर करा नायतर नवा घ्या, काकीचा आवाज काढून देतो ना. पण पहिला बंद तर करायला लागेल."

"चालू असतानाच काढ की."

"कुठून काढू? पेनड्राइव्ह लावायची जागाच मेलीय याची. असाच ठेवला तर जळेल."

अण्णा माझ्याकडे वळले. "तू दाब रे बटण. माझा हात नाही उठत."

मी दाबलं. त्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती.

जिगरभाईने करपलेल्या पाकळ्या काढल्या. पुन्हा बटण. पंखा फिरला. स्क्रीन काळी. अण्णांनी माझं मनगट आवळलेलं. काळीच. आतून नुसतं टक्, टक्.

"डिस्क गेली. काकीचा आवाज त्यातच होता," जिगरभाई पुटपुटला.

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. ते काय मागणार ते मला कळलं. कुणाचीही नक्कल करणारा मी, फरशीकडे बघत राहिलो.

पण त्यांनी काहीच मागितलं नाही. उठून आत गेले. जरा वेळाने स्वयंपाकघरातून हाक आली. घोगरी, कापरी, पण हेल हुबेहूब तोच: "अहो, चहा झाला, या!"

जिगरभाईने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. उठायची हिंमत दोघांनाही होईना.

अण्णांची नक्कल मी अजून करतो, पोरं खिदळतात. तेवढं वाक्य आलं की गिळून टाकतो.