डेन्मार्कचे काउंट अंधेरीत

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मग मधे अडवू नका.

तेव्हा अंधेरीच्या आमच्या ऑफिसात ट्रंक कॉल लागला तर पेढे वाटायचे दिवस होते. म्हणून सगळी कामं तारेवर. आमची कंपनी डेअऱ्यांना परदेशी पंप पुरवायची. हेडक्लार्कची जागा रिकामी होती आणि माझा तिच्यावर डोळा होता. साहेबांनी बजावलं होतं, "सावंत, एक चूक झाली तर जागा तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या परबला."

एका मंगळवारी आमच्या दिल्लीच्या ऑफिसातून तार आली. 'थर्सडे डॅनिश काउंट रिसीव्ह पर्सनली.'

आमचा मालवणी शिपाई तुकाराम म्हणाला, "काउंट म्हंजे मोजूक कोण येतलो काय?"

मी त्याला गप्प केलं. मॅट्रिकनंतर जे शिकलो ते वाचनालयात, आणि वाचलेलं रोज डायरीत उतरवायची मला सवय. डेन्मार्कच्या राजघराण्याची तर पाच पानं होती! ती घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. तिथल्या राजपुत्राने राजाच्या परवानगीशिवाय लग्न केलं की त्याचं राजपुत्रपद जातं आणि त्याला रोझेनबोर्गचा काउंट, म्हणजे उमराव, करतात, हे वाचून दाखवलं. म्हणजे येणारा माणूस राजाच्या रक्ताचा!

साहेब पांढरे पडले. "अरे, पण त्याला बसवणार कुठे?"

"ते बघू. पण बायकोचा विषय काढू नका, साहेब. तिच्यापायीच पद गेलंय."

साहेबांनी मान डोलावली आणि मी बाहेर येऊन डायरी पुन्हा उघडली. एवढं छातीठोक बोलून बसलो, आता त्या पाहुण्याचं कशावरून तरी बिनसलं म्हणजे? वाकायचं किती? हात आपण पुढे करायचा की त्याने करायची वाट बघायची? पाच पानांत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. बुधवारी घरी आरशासमोर वाकून बघत होतो, तर बायको म्हणाली, "अहो, कंबर धरली का?"

गुरुवारी साहेब लग्नातला कोट घालून गेटवर. शेजारी हार घेऊन परब. आत जुहूच्या हॉटेलातला केक. तेवढ्यात एक टेम्पो येऊन थेट गेटात थांबला. पाहुणे यायचेत, बाजूला घे, म्हणून मी त्याच्या अंगावर धावलो.

ड्रायव्हरने शांतपणे कागद पुढे केला. "माल डेन्मार्कचा आहे. मोजून घ्या नि सही करा."

कागदावर दिल्लीने लिहिलेली सूचना होती, शब्द तारेतलेच. फक्त 'डॅनिश' आणि 'काउंट' यांच्यामध्ये 'पंप्स' होता. तारेला शब्दागणिक पैसे, म्हणून दिल्लीने तेवढा एक शब्द वाचवला होता.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कोट काढला, घडी करून हातावर टाकला आणि म्हणाले, "मोजा, सावंत."

मी मोजले. एकदा अठ्ठावीस खोकी भरली, एकदा सव्वीस. शेवटी तुकारामाने मोजली.

हेडक्लार्क परब झाला. मला साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे 'काउंट' म्हणू लागले.

पाच वर्षांनी माझा थोरला त्याच ऑफिसात लागला. पहिल्याच दिवशी तोंड पाडून घरी आला. "बाबा, मला सगळे धाकटे काउंट का म्हणतात?"

डेन्मार्कात ही पदवी पुढे मुलाबाळांनाही लागते. ते तेवढं मी साहेबांना वाचून दाखवलं नव्हतं. तरी ऑफिसला कसं कळलं, कोण जाणे!